भाजलं तर आधी पाणी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीच्या पंचवीस वर्षांवर बोला, असं मला सांगितलं होतं. पण लीकेज, लिफ्ट आणि पार्किंग यांवर आपण दर एजीएमला बोलतोच. आज मी माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. नातवाला विचारलं, सांगू का? तो म्हणाला, "सांगा आजोबा, फक्त मला उभं करू नका."

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तो दोन वर्षांचा होता. मी पेपर वाचत होतो, टीपॉयवर नुकताच आणलेला चहा. त्याने टेबलक्लॉथ ओढला आणि अख्खा कप छातीवर, उजव्या हातावर सांडला. चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी, पण काही सुचेना. स्वेटर काढायचं डोक्यातच आलं नाही. चहा प्यायलेली ती लोकर आतून भाजतच होती. हातावर आधी बर्फ चोळला, मग टूथपेस्ट फासली. नळ चार पावलांवर होता.

दवाखान्यात आधी ती टूथपेस्ट साफ करावी लागली. तेव्हाचं त्याचं ओरडणं अजून कानात आहे.

डॉक्टरांनी समजावलं, मुलांची कातडी पातळ असते, तोच चहा त्यांना जास्त खोल भाजतो. मुलाचा तळवा बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. टक्केवारी आम्हा बँकवाल्यांना लगेच कळते! मुलाचं १० टक्के अंग भाजलं की प्रकरण गंभीर, सलाइन लावावं लागतं.

मग करायचं काय? गरम झालेला कपडा, बांगडी, अंगठी लगेच काढा. कपडा चिकटला असेल तर मात्र ओढू नका. नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं सोडा. बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, मूल गारठतं. मग स्वच्छ कापड झाकून दवाखाना, नाहीतर १०८ ला फोन. बर्फ, तूप, हळद, शाई काही नको. वीस मिनिटं म्हणजे किती, ते मी नंतर घड्याळ लावून नळाखाली हात धरून बघितलं. फार लांब वाटतात.

जखम दीड महिन्यात भरली, पण हिशेब तिथे मिटला नाही. मूल वाढतं, व्रण तेवढा वाढत नाही. वर्षभर दिवसाचे २३ तास घट्ट बाही घातली, तरी कोपर आखडलं. अकराव्या वर्षी ऑपरेशन झालं. आता नववीत आहे, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. क्रिकेट खेळताना तुमच्यापैकी काहींनी त्याला "बाह्या दुमड की" म्हणून चिडवलं होतं. आता कारण कळलं.

आणि मोठ्या मुलांनो, न पेटलेल्या भुईनळ्यावर वाकून बघायचं नाही. त्यावर पाणी ओता आणि विसरा. दिवाळीचे चार दिवस आवारातल्या नळाला पाइप लावून ठेवावा, असं मी कमिटीला लेखी दिलं आहे. सेक्रेटरींनी मघाशी मान हलवली. मिनिट्समध्ये येईल अशी आशा आहे.

मुलांचा नाच खोळंबलाय, बसतो.