माळ आणि जलाशय

आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात धनिक प्रवासी ओकावांगोची दलदल आणि कालाहारीचे रखरखीत प्रदेश एकाच सफरीत पाहतात. सोलापूर जिल्ह्यातही असा योग आहे. राजेशाही तंबू तेवढे नाहीत! भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. इकडे नान्नजच्या कोरड्या माळावर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. हा भारदस्त पक्षी बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या भुईवर. पुढे जिल्ह्यात कालवे आले, ऊस वाढला. ‘पडीक’ म्हणून हिणविलेले गवताळ माळ नांगराखाली गेले. रोहितास जागा मिळाली, माळढोकाची गेली. आज नान्नजला तो क्वचितच दृष्टीस पडतो. काळविटांचे कळप मात्र अजून चरताना दिसतात.