ठोक्याने धातू कठीण का होतो?
(वाळपई येथे महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



महोत्सवी व्याख्यानासाठी आम्ही धातूंचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु मांडीत किंवा मनगटात टायटॅनियमची पट्टी बसविलेली मंडळी आता घरोघर आढळतात, आणि "ही पट्टी वाकेल का, मोडेल का?" असे आम्हांला वरचेवर विचारले जाते. त्याचे उत्तर आपल्या न्हाणीतल्या तांब्याच्या भाणापासून सुरू होते.

कांसार तांब्याचा पत्रा ठोकू लागतो, तेव्हा तो मऊ असतो. ठोक्यागणिक तो ताठर होतो, आणि शेवटी ऐकेनासा होतो. मग कारागीर तो भट्टीत लाल करतो. पत्रा पुन्हा मऊ. धातू बारीक कणांचा बनलेला असतो, व प्रत्येक कणात अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. रचनेतील काही दोषरेषांमुळे हे सरकणे शक्य होते. ठोके बसतात तशा या रेषा वाढतात आणि चवथीच्या बाजारातील गर्दीसारख्या एकमेकींत अडकतात. आचेने नवे कण तयार होतात व गुंता नाहीसा होतो.

ही कठीणता उपकारकच आहे. पट्टी ओढली असता जो भाग आधी ताणला जातो तोच कठीण होतो, म्हणून ताण शेजारी पसरतो. एरव्ही एकाच जागी ती बारीक होऊन तुटती.

टायटॅनियमची तऱ्हा निराळी. त्याच्या अणूंची मांडणी षट्कोनी. थरांना सरकण्याच्या सोप्या वाटा थोड्या. म्हणून शुद्ध टायटॅनियमच्या कणांत काही पट्टे आरशातील प्रतिबिंबासारखे उलटे वळतात, कणाचे खण पडतात, आणि दोषरेषा प्रत्येक भिंतीशी अडतात. त्यात 6 टक्के ॲल्युमिनियम व 4 टक्के व्हॅनेडियम घातले की मिश्रधातू मुळातच पुष्कळ बळकट होतो; पण ॲल्युमिनियममुळे ते पट्टे कमी पडतात, आणि वाकविल्याने मिळणारी जादा कठीणता शुद्ध धातूपेक्षा कमी भरते.

तोच मिश्रधातू सुमारे 1000 अंश सेल्सिअसवर तापवून सावकाश निवविला, तर आत पातळ पापुद्र्यांच्या थप्प्या बनतात. त्याखालच्या आचेवर घडविला, तर वाटोळे कण. वाटोळ्या कणांचा तुकडा तुटण्यापूर्वी अधिक ताणला जातो. थप्प्यांचा तुकडा तड्याला वाट वाकडी करायला लावतो. घटक तेच, भट्टी निराळी! आमच्या मते कांसारांच्या मुलांना हे फार लवकर समजेल. या धातूचे खनिज तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आहे.

आता पट्टीचे. शस्त्रवैद्य ती हाडाच्या वळणाप्रमाणे वाकवितात, परंतु पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकविणे टाळतात. त्याने कठीणता वाढली, तरी तड्याचे बीजही पडू शकते. चालतानाचा भारही, हलका असला तरी, हजारो वेळा पडला की धातूला थकवितो. हाड जुळले की भार हाड घेते. तोवर मोठा वाटा पट्टीवर. तेव्हा डॉक्टरांनी काठी सोडू नका म्हटले असेल, तर जत्रेलाही काठी घेऊनच जावे.