पहारेकऱ्यास विचारावयाचा प्रश्न



शाळेच्या दप्तरात आता वह्यांच्या जोडीस संगणकही आले आहेत. त्यांवर अहोरात्र पहारा ठेवणारी ‘नागिऑस’ नावाची एक प्रणाली आहे. ईथन गालस्टाड यांनी ती १९९९ साली ‘नेटसेंट’ या नावाने प्रसिद्ध केली; २००२ पासून तिला आजचे नाव मिळाले.

ही प्रणाली तपासणी स्वतः करीत नाही. ते काम लहान लहान स्वतंत्र प्रोग्रॅम करतात व निकाल एका अंकात कळवितात: ० म्हणजे ठीक, १ सावधान, २ गंभीर, ३ अज्ञात. कोणता प्रोग्रॅम कसा चालवावा, ही आज्ञा मात्र आपणच लिहावयाची असते. तिला नाव द्यावे आणि बदलत्या मर्यादांसाठी जागा मोकळ्या ठेवाव्या. मग वापरताना नावापुढे उद्गारचिन्हे घालून मर्यादा लिहिल्या, की त्या क्रमाने आपापल्या जागी बसतात.

आमच्या शाळेतील गुणांच्या नोंदींची प्रत रोज रात्री या पहारेकरी संगणकावर उतरावयाची असे. मी आज्ञा लिहिली, ‘प्रत आहे काय?’ उत्तर नित्य शून्य! एके दिवशी मूळ संगणक बिघडला, तेव्हा कळले की प्रत आहे खरी, पण तीन आठवड्यांपूर्वीची. डिस्क भरल्यामुळे नवी प्रत उतरतच नव्हती. उत्तरपत्रिका काढून आम्ही सारे गुण पुन्हा भरले. यंत्र खोटे बोलले नव्हते; माझाच प्रश्न अपुरा होता.

पुढे मी ‘चेक फाइल एज’ हा प्रोग्रॅम योजला. तो फाइलचे वय सेकंदांत मोजतो व आकारही पाहतो. रोजच्या प्रतीस दोन तासांची सवलत धरून २६ तासांस, म्हणजे ९३,६०० सेकंदांस, ‘सावधान’ आणि ५० तासांस, म्हणजे १,८०,००० सेकंदांस, ‘गंभीर’ अशा मर्यादा घातल्या. रिकामी फाइल फसवू नये म्हणून किमान आकारही ठरविला.

तपासणीचा प्रोग्रॅम आपण स्वतः लिहिणार असाल, तर तपासणीच होऊ न शकल्यास त्याने ३ कळवावे, ० कदापि नव्हे. गैरहजर विद्यार्थ्यापुढे ‘उत्तीर्ण’ असे कोणता शिक्षक लिहील? शेवटी, नागिऑस ज्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते, त्याच्याच अधिकाराने आज्ञा एकवार हाताने चालवावी आणि मुद्दाम जुनी फाइल पुढे ठेवून इशारा येतो की नाही, हे पाहावे. तो आल्यावाचून त्या पहाऱ्यावर विसंबू नये.