उतार कुणाच्या दारात?

(युवक शिबिरात केलेले भाषण)



मला बोलावलं कविता वाचायला. कविता खिशात आहे, राहू दे तिथंच. आज गटारावर बोलणार. कुणाला नाक दाबायचं असेल त्यानं आत्ताच दाबावं.

मी मुंबईच्या गोदीत ओझी वाहतो. मेमध्ये गावी गेलो. गाव हजारेक माणसांचं. घरोघर नळ आलेत. २०१९ च्या जलजीवन मिशनचा नियम आहे, माणशी रोज ५५ लिटर. चांगलंच झालं. पण गोदीवाला हिशेब करतोच. हजार माणसांना ५५ हजार लिटर. इंजिनियर लोक धरतात की त्यातलं ८० टक्के घाण होऊन बाहेर पडतं. म्हणजे रोज ४४ हजार लिटर. जातं कुठं?

माझ्या आत्याच्या दारात जातं. पंचायतीची सिमेंटची गटार वरच्या आळीतून निघते, देवळाला वळसा घालते नि आमच्या वस्तीच्या तोंडाशी संपते. पुढं डबकं. डबक्याशेजारी आमचा हापसा. मी विचारलं तर पंचायतीतले म्हणाले, "पाणी उताराला जातं, त्यात जात कुठनं आली?" बरोबर आहे. पाण्याला जात नाही. पण उताराला वस्ती कुणाची ठेवली? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आमची पाटी बदलली. उतार तोच.

१९२७ साली बाबासाहेबांबरोबर आपली माणसं महाडच्या तळ्यावर गेली. चांगल्या पाण्यासाठी लढावं लागलं. घाण पाणी मात्र न मागता दारात आलं.

आता दुसरी गोष्ट. वरच्या आळीतल्या एका घराची शौचाची टाकी भरली. सांगावा कुणाला? माझ्या चुलतभावाला. बादली, दोर नि वर दारूचे पैसे. तो एक पाय आत टाकणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "दादा, तू उद्या गोदीत जाशील. मला ह्यांच्याच रानात कामाला जायचंय."

मी त्याला गॅसचं सांगितलं. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाला वासच कळत नाही. माणसाला वाटतं हवा बरी झाली, आणि तो पडतो. काढायला उतरलेला दुसराही पडतो. २०१३ चा कायदा असं धोक्याचं काम करून घ्यायला बंदी करतो. टाकीत माणूस मेला तर ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलं. मेल्यावर ३० लाख, आणि जिवंतपणी बादली!

भाऊ उतरला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला रानात कुणी बोलावलं नाही. हे मी लपवत नाही.

मग करायचं काय? ह्याला मोठा कारखाना लागत नाही. न्हाणी-मोरीचं पाणी घरोघरी शोषखड्ड्यात सोडायचं: खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं हे केलं, गटारी गेल्या, डास हटले. काळ्या मातीत पाणी नीट मुरत नाही, तिथं गटारीच्या शेवटी तळं करून गाळ बसवावा, पाणी निवळू द्यावं. संडासाला दोन खड्डे. एक भरला की बंद, दुसरा चालू. दोनेक वर्षांत बंद खड्ड्यातल्या मैल्याचं कोरडं, बिनवासाचं सोनखत होतं. खड्डे हापशापासून लांब पाहिजेत. आणि खत ज्याचं त्यानं काढायचं. तिथंही आम्हालाच हाक मारली तर दोन खड्डे काढून उपयोग काय?

टाकी बांधतानाच ठरतं, उद्या आत कोण उतरणार. म्हणून नकाशा काढतात तिथं आपण पाहिजे.

निघायच्या आदल्या दिवशी भावानं नि मी आत्याच्या न्हाणीला शोषखड्डा खोदला. तिचं पाणी आता तिच्याच अंगणात मुरतं. वरच्या आळीचं अजून येतंय.

तुम्ही शहरात राहता, पण गाव प्रत्येकाला आहे. सुट्टीला जाल तेव्हा ग्रामसभेत उभे राहा नि विचारा: गटार कुठं संपते? टाकी कोण उपसतो? नकार दिला तर त्याची चूल कोण पेटवतो? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर पंचायतीनं द्यावं. तिसऱ्याचं आपण. माझ्या भावासाठी ह्या महिन्यात मी माझ्या पगारातून पैसे पाठवलेत. ते किती महिने पुरणार? संघटना कशाला असते, ते आज इथंच ठरवू.

जयभीम.