हनुवटीची जखम आणि वाढता जबडा
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हाडांपेक्षा ताळेबंदाशी माझा परिचय अधिक. तरीही जबड्याच्या सांध्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती घेतो, कारण त्याविषयीच्या अज्ञानाची किंमत आमच्या कुटुंबाने मोजली आहे.

माझा मावसभाऊ ६ वर्षांचा असताना संक्रांतीला येवल्यात पतंग उडवताना गच्चीवरून पडला. हनुवटी फुटली, टाके पडले, जखम आठवड्यात भरली. डाव्या कानापुढे दुखते असे तो म्हणे. पडल्यावर दुखायचेच, असे आम्ही मानले. बाराव्या वर्षापर्यंत त्याच्या दातांत बोटही शिरेनासे झाले. भाकरी दुधात कुस्करून तो अक्षरशः चोखत असे. हनुवटी डावीकडे ओढली गेली होती. शाळेच्या छायाचित्रांत तो नेहमी मान वळवून उभा दिसतो.

आमच्या शल्यचिकित्सकांनी मला याचे कारण समजावून सांगितले. हनुवटीवरचा आघात कानापुढील सांध्यापर्यंत पोहोचतो आणि तेथील हाडाचे टोक मोडते. या टोकावरील कूर्चेचा जबड्याच्या वाढीत मोठा वाटा असतो. अगदी लहान वयात टोक चिरडून सांध्यात रक्त साकळले, तर तेथे हाड धरून सांधा जखडू शकतो. मग ती बाजू खुंटते आणि दुसरी वाढत राहते.

अमेरिकेत सारनाट व एंगेल यांनी १९५१ साली वाढत्या वयाच्या माकडांचे एका बाजूचे हे टोक काढले, तेव्हा चेहरा वाकडा वाढला. उलट वॉकर यांच्या १९६० च्या प्रयोगात पिलांचे टोक मोडून जागेवरून सरकवले असतानाही ते पुन्हा घडले व वाढ सुरळीत झाली. त्या मुक्या जिवांविषयी मनात कालवाकालव होते. परंतु सांधा हलता राहिला, तर बालवयातील हाड स्वतःला सावरू शकते, हे त्यातून उमगले.

म्हणूनच बहुतेक बालकांना शस्त्रक्रिया लागत नाही. काही दिवस मऊ आहार, लवकर सुरू केलेला तोंड उघडण्याचा व्यायाम आणि वाढ पूर्ण होईपर्यंत नियमित तपासणी पुरते. सांधा एकदा जखडला की मात्र तो मोकळा करण्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, प्रसंगी बरगडीचा तुकडाही बसवावा लागतो. तोंडच उघडत नसल्याने भूल देणेही जोखमीचे ठरते.

हनुवटी फुटलेल्या प्रत्येक बालकाचे तोंड किती उघडते, हे आपल्या अपघात विभागात पट्टीने मोजून केसपेपरवर नोंदवले जाते. पट्टीला खर्च नाही. अडचण फेरतपासणीची आहे. जखम भरली की सुरगाणा-पेठकडचे पालक एक दिवसाची मजुरी बुडवून नाशिकला येत नाहीत, आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. अंदाजपत्रकात ‘बालरुग्ण प्रवासभाडे’ हे नवे शीर्ष त्यासाठीच घातले आहे. विश्वस्तांनी त्यास मान्यता द्यावी, ही नम्र विनंती.