टॅली जुळते, माल नाही

(उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा इथं तरुण आणि पालकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जे सुटलं ते लिहिताना भरलं आहे.)

भावांनो, बहिणींनो, आणि मागच्या बाजूला अंग चोरून बसलेल्या गुरुजींनो,

मी मास्तर नाही. दहावी पास आहे, मुंबईच्या गोदीत माल उचलतो, आणि पाळी संपल्यावर डोळे उघडे राहिले तर कविता लिहितो. शाळा कशी सुधारायची यावर बोलायला उंद्रीला चाललोय म्हटल्यावर माझ्या गँगमधला एक जण हसला. म्हणाला, तुला त्यातलं काय कळतं? मला त्यातली एक गोष्ट कळते. मोजणी कळते. आयुष्यभर माझी मोजणी दुसऱ्यानंच केलीय, म्हणून जरा जास्तच कळते.

गोदीत जहाज लागलं की कागदावर लिहिलेलं असतं, एवढा माल उतरायचा. गँग उतरवते. धक्क्यावर टॅली क्लार्क उभा असतो, तो मोजतो. काय उतरायचं, कसं उतरवलं आणि काय मोजलं, या तिन्हींचा मेळ बसला तर काम झालं. आता समजा क्लार्कनं नुसत्या स्लिंगा मोजल्या, स्लिंगेतली गोणी फाटलीय का हे बघितलंच नाही. टॅली बरोब्बर जुळते. गोदामात मात्र अर्धा माल सांडलेला. तिथं निदान मालाचा मालक बोंब मारतो, नुकसानभरपाई मागतो. शाळेत पोरं आपली, उतरवणारे दुसरे, मोजणारे तिसरे, आणि टॅलीचा कागद आपल्या हातात कधीच येत नाही. पोरं म्हणजे माल नव्हे, हे मलाही कळतं. पण मालाची जेवढी काळजी घेतात तेवढी तरी घ्या, एवढंच म्हणणं आहे.

पहिला सवाल, उतरवायचं काय ठरलंय? शाळा कशासाठी? याचं उत्तर बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात देऊन ठेवलंय. तारीख ध्यानात घ्या, महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्याच्या आठ दिवस आधीची. शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती. किती शाळा उघडल्या, किती पोरं दाखल झाली, हा सरकारचा हिशेब. बाबासाहेबांनी दुसरंच मोजलं. शाळेत शिरलेल्या शंभर पोरांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. उरलेली ब्याऐंशी परत अडाणीपणात जाऊन पडतात. आणि प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी एका वाक्यात सांगितला. त्याचा मतलब असा, की शाळेच्या दारातून आत गेलेलं पोर लिहायवाचायला येऊनच बाहेर पडावं, आणि जन्मभर ते त्याच्याकडं राहावं. दाखला किंवा टक्केवारी म्हणजे शिक्षण, असं त्या सांगण्यात कुठं नाही. पोर वाचतं का आणि वाचत राहतं का, एवढंच.

केंद्र सरकारनं २०२१ साली निपुण भारत काढलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक पोराला वाचता आणि साधं गणित करता यावं, आणि हे २०२६-२७ पर्यंत व्हावं, असं ठरवलं. चांगलं आहे. फक्त बाबासाहेबांच्या त्या भाषणाला तेव्हा चौऱ्याण्णव वर्षं झाली होती.

म्हणजे ध्येय काही नवं नाही. घोळ आहे तो पुढं, शिकवणं आणि मोजणं यांत. हा घोळही जुनाच. इंग्लंडात १८६२ साली नियम आला. इन्स्पेक्टर शाळेत येणार, पोराला वाचायला लावणार, पास झालेल्या डोक्यांवर शाळेला पैसे मिळणार. मास्तरांनी काय करावं? पोरांकडून पुस्तकच पाठ करून घेतलं. इन्स्पेक्टर खूष, अनुदान पदरात, पोराला अक्षर ओळखू येत नाही. तीच निकालावर अनुदानाची पद्धत आपल्याकडं आली. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी स्पष्ट मांडलं की ही पद्धत खालच्या थरांत शिक्षण पसरवायला कामाची नाही. जिथं अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, तिथं निकालाच्या भरवशावर पोट भरायला कोण मास्तर शाळा काढून बसेल? तिथं सरकारनंच शाळा चालवली पाहिजे. निकालावर पैसा लावला की मास्तर सोप्या पोराकडं वळतो आणि अवघड पोराला पाठ करतो. अवघड पोर कुणाच्या वस्तीतलं असतं हे उंद्रीत सांगायची गरज नाही.

आता आपल्या काळात या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, २०१० च्या १ एप्रिलपासून लागू. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, आणि परीक्षेऐवजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. महाराष्ट्राचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा. नाव तोंडात मावत नाही, पण कल्पना माझ्यासारख्याला पटते. पोराकडं रोज बघायचं, कुठं अडलं ते टिपायचं, आणि त्या टिपणावरून उद्याचं शिकवणं बदलायचं. मोजणी शिकवण्यासाठी, शिक्का मारण्यासाठी नाही.

झालं काय? वही झाली. वर्णनात्मक नोंदींची वही. मी एका शाळेत ती पाहिलीय, नाव सांगत नाही. पानोपान तीच वाक्यं. वाचनात रुची दाखवतो. उपक्रमात सहभागी होतो. आपले विचार मुद्देसूद मांडतो. बाजारात अशा नोंदींच्या तयार पुस्तिका मिळतात, त्यातून उतरवायचं. ज्या पोरापुढं मुद्देसूद मांडतो असं लिहिलेलं, ते पोर माझ्या ओळखीतलं. त्याला स्वतःचं नाव फळ्यावरून वाचता येत नव्हतं. नोंद वाचून कुणी दुसऱ्या दिवशीचा पाठ बदलला, असं एकही उदाहरण त्या वहीत नव्हतं. टॅली जुळली.

मग २०१५. जून महिन्यात प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय आला. याच्यामागं साताऱ्याच्या कुमठे बीटातलं काम होतं, आणि ते काम खरं होतं, हे मी मोकळेपणी म्हणतो. जिल्हा परिषदेच्याच शिक्षकांनी, त्याच पगारात, पोरं कशी शिकतात याचा विचार करून वर्ग बदलले. खालून उगवलेली गोष्ट. ती वरून हुकूम होऊन राज्यभर सुटली तेव्हा गावोगाव फरशा रंगल्या, आकडे आणि बाराखडी जमिनीवर आली, फोटो निघाले. चाचणी सुरुवातीला, चाचणी मध्ये, चाचणी शेवटी. आणि निकषांत बसली की प्रगत शाळेचा शिक्का. हेतू चोख होता, प्रत्येक पोर शिकलं पाहिजे. पण ज्या मास्तरला विचारणार की पोरं मागं का, त्यानंच पेपर घ्यायचा, त्यानंच तपासायचा, त्यानंच मार्क वर पाठवायचे. गोदीत गँगच्या मुकादमालाच टॅली लिहायला दिली तर एकही गोणी कधी फाटायची नाही.

यात आपले मास्तरच वाईट असं कुणी समजू नये. अमेरिकेत अटलांटा नावाचं शहर आहे, सरकारी शाळांत बहुसंख्य पोरं काळी. तिथं परीक्षेच्या गुणांवर बक्षीस आणि नोकरी टांगली. गुण चढले, वाहवा झाली. २०११ साली चौकशीचा अहवाल आला: ४४ शाळांत घोटाळा, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गुंतलेले, उत्तरपत्रिकेवरची चुकीची खूण खोडून बरोबर केलेली. २०१५ मध्ये अकरा जण कोर्टात दोषी ठरले. कागदावर हुशार ठरल्यामुळं ज्या काळ्या पोरांना जादा मदत मिळायला पाहिजे होती ती मिळाली नाही, हा त्यातला खरा दरोडा. आपल्या पोरांच्या खोट्या मार्कांचा अर्थही तोच. पोराला मार्क दान दिले असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची मदत चोरली जाते.

आता तिन्ही गोष्टी जुळल्याचं एक उदाहरण सांगतो, तेही मुंबईचंच. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत प्रथम संस्थेचं बालसखी म्हणून काम चाललं. तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस पोरं वर्गातून काढून रोज दोनेक तास वस्तीतल्याच एका शिकलेल्या पोरीकडं द्यायची. पोर चौथीत आहे म्हणून चौथीचं पुस्तक नाही. अक्षरावर अडलंय तर अक्षर, वजाबाकीवर अडलंय तर वजाबाकी. जिथं बालसखी होती आणि जिथं नव्हती, अशा शाळांची तुलना अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या साथीदारांनी केली. मागं पडलेली पोरं खरंच पुढं सरकली होती. या दोघांना मायकेल क्रेमरबरोबर २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वस्तीतल्या पोरीला दरमहा हजाराच्या आत मानधन मिळालं. हे मी विसरत नाही, तुम्हीही विसरू नका. आपल्या पोरी स्वस्तात राबवून सरकारनं शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, असा याचा अर्थ कुणी काढला तर त्याला गावाबाहेर घालवा. पण पद्धत उचला. काय शिकवायचं हे पोराच्या अडण्यावरून ठरतं, आणि मोजायचं तेच जे शिकवलं.

याच संस्थेची २००५ पासूनची ‘असर’ची पाहणी तुम्ही पेपरात वाचली असेल. एक कागद: अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. दुसऱ्या बाजूला आकडे, वजाबाकी, भागाकार. आणि मुख्य म्हणजे ही मोजणी घरी येऊन होते. शाळेत होणाऱ्या सरकारी पाहण्या त्या दिवशी हजर असलेल्या पोरांना मोजतात. आपल्याकडं दिवाळीनंतर कापूस वेचायला कोण जातं? ऊसतोडीला, वीटभट्टीवर आईबापाबरोबर कोण जातं? बौद्धवाड्यातलं, मातंग वस्तीतलं, पारध्याच्या बेड्यावरचं पोर त्या दिवशी बाकावर नसतंच. मग सरासरी फर्मास येते. जी गोणी जहाजातच राहिली ती टॅलीत कमी दिसत नाही.

आणखी एक. आपलं पोर म्हणतं, “माह्या बापाले ताप आला, म्हनून मी आलतो नाही.” सगळं बरोबर सांगितलं त्यानं, कारण सांगितलं, क्रम सांगितला. मास्तर लाल पेनानं ‘माह्या’ खोडतो, ‘बापाले’ खोडतो, दहापैकी दोन. शिकवायचं ठरलं होतं विचार मांडणं, आणि मोजलं काय? पोर पुण्याचं आहे का नाही, ते. प्रमाण भाषा शिकवा, जरूर शिकवा, आमच्या पोरांना तीही पाहिजे. पण आधी शिकवा, मग तिचे मार्क कापा.

आता २०२३ साली राज्यानं नियम बदलून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर जादा शिकवणी, फेरपरीक्षा, आणि तरी नाही जमलं तर तिथंच बसवणार. बरेच पालक खूष आहेत. मी नाही. पाचवीत न वाचता येणारं पोर दुसरीतही वाचत नव्हतं. तेव्हा तीन वर्षं कुणी बघितलं नाही, आणि बोट सुटून गेल्यावर टॅली मांडून पोरावर खापर फोडतात.

गुरुजींना शिव्या घालून टाळ्या मिळवणं सोपं आहे. मला त्या टाळ्या नकोत. दोन मास्तरांनी चार वर्ग सांभाळायचे, खिचडीच्या तांदळाचा हिशेब ठेवायचा, निवडणुकीला जायचं, मोबाईलवर माहिती भरायची, आणि वर गुणवत्ता वाढवायची, हे कसं व्हावं? रिकाम्या जागांसाठी मोर्चा काढू तेव्हा गुरुजींनी आमच्यापुढं चालावं.

पण तोवर हातावर हात नको. कायद्याच्या एकविसाव्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, आणि दुबळ्या घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. बाविसाव्यात शाळा विकास आराखडा, तो या समितीनं बनवायचा. मी पाहिलेल्या आराखड्यांत कंपाउंड असतं, रंग असतो, पाण्याची टाकी असते. किती पोरं वाचत नाहीत आणि दिवाळीपर्यंत किती वाचतील, ही ओळ नसते. ती ओळ लिहून घ्या. समितीत आपली बाई नुसती अंगठ्यापुरती बसवली असेल तर तिला बोलतं करा.

त्याआधी आपली मोजणी आपण करू. रविवारी विहारात बसायचं. एकेका पोराला जवळ घ्यायचं, कागद पुढं ठेवायचा, वाच म्हणायचं. आपल्या पोराला आपण नाही तपासायचं, शेजारच्या बाईनं तपासायचं. पोर अडलं तर हसायचं नाही, मारायचं नाही, आणि यादी भिंतीवर तर मुळीच लावायची नाही. वहीत नाव आणि कुठं अडलं तेवढं. कापसावर गेलेल्या पोराचंही नाव लिहायचं, पुढं कोरी जागा ठेवायची, ते परतलं की भरायची. ती वही घेऊन समितीत जायचं आणि विचारायचं, गुरुजी, ही अमुक पोरं अक्षरावर अडलीत, यांच्यासाठी सोमवारपासून काय करता? आम्ही कोण, किती वेळ येऊ? सहा आठवड्यांनी पुन्हा तेच, कागद मात्र दुसरा, नाहीतर पोरं पाठ करतील.

कागद मी मुंबईहून छापून आणलेत, चार तऱ्हेचे, पिशवीत आहेत. मजकूर मीच लिहिलाय. एका उताऱ्यात बैल आहे, एकात एस्टी, एकात ज्वारीची भाकर. वऱ्हाडीत कुठं चुकलं असेल तर आत्ताच सांगा, पेन आहे माझ्याकडं. त्या खांबाजवळच्या बाई मघापासून हात वर करून उभ्या आहेत, त्यांना आधी बोलू द्या.