डोळे कपाळावर



मघाशी चित्रकलेच्या मॅडमनी आम्हांला आठवीच्या वर्गात नेलं. भिंतभर चेहरे. डोळे थेट कपाळावर, नाकं कुऱ्हाडीसारखी, गालांवर काळ्या रेघांची जाळी. एक पालक माझ्या कानाशी पुटपुटले, "पोट्ट्याईचे डोये कपायावर कसे गेले बापा?"

काका, हे मूळचं खूळ चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझाचं. १९२४ साली गोव्यात, साळगावला जन्मलेला. लहानपणी देवी आल्या, तेव्हा पोरगं वाचलं तर पाद्री करीन असा आईने नवस बोलला आणि फ्रान्सिस हे संताचं नाव जोडलं. पाद्री काही तो झाला नाही. 'भारत छोडो' आंदोलनापायी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतूनही त्याला काढलं. १९४७ मध्ये आरा, हुसेन, रझा या चित्रकारांसोबत त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. त्यातले रझा आपल्या नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले, बरं का! सूझाने माणसांचे चेहरे असे काही मोडले की देखणेपणाचा प्रश्नच उरला नाही. त्याने स्वतःलाही सोडलं नाही.

मॅडमची युक्ती मला फार आवडली. आधी आरशात बघून साधा चेहरा काढायचा. मग त्यातली एकच गोष्ट वाढवायची. कोणती, ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि खोडरबर आधीच जमा! मी आर्वीच्या छोट्या रेल्वेगाडीने याच शाळेत यायचो, तेव्हा आमच्या तासाला खोडरबरच जास्त झिजायचा. एकदा मी माझे कान आहेत तेवढे मोठे काढले. गुरुजींनी ते खोडून नीटनेटके करून दिले. घरी आईने विचारलं, "हा कोण?"

इथे एकाने दातांमधली फट दारासारखी उघडी ठेवली आहे. एकीने भुवया जोडून टाकल्या आहेत.

एका चित्रात मात्र तोंडच नाही. नाकाखाली कोरा कागद. ती मुलगी तिथेच उभी होती. वडिलांची इथल्या डेपोत बदली झाली, म्हणून यंदाच आलेली. म्हटलं, "मुँह कहाँ है?" तर म्हणाली, "सर, मराठी अभी कहाँ आती है?"

मॅडम, बाकीची चित्रं उद्या उतरवा. हे एवढं राहू द्या, काम अर्धं आहे.